रंगूबाईचे अकरा

"नाना, आमी येत नाय. आजची मॅच रद्द समजा."

फोनवर गोमाजी चोरगे होता, कुंभाळवाडी क्लबचा प्रमुख आणि कप्तान. त्याच्या मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. श्रीपत महाडच्या शाळेच्या मैदानावर गोलपोस्टपाशी उभा होता. नऊला दहा मिनिटं कमी होती. बाजारपेठ क्लबची पोरं जर्सी घालून तयार होती आणि रेफरी चुन्याच्या रेघेवरून शेवटची चक्कर मारत होता.

"काय झालं, गोमाजी?"

"रंगूबाई गेली. पहाटं. माजी चुलती."

"अरेरे." श्रीपतने घड्याळ पाहिलं. "निम्मी पोरं तरी येतील का? सात जण असले तरी मॅच सुरू करता येते."

"नाना, वाडीत खांद्याला दुसरं कोण हाय? म्हातारे नि बाया. नदीवर न्यायला दोन तास लागतात. खांदं बदलत बदलत न्यायची. अकराच्या अकरा लागतात."

श्रीपतने फोन खिशात ठेवला आणि रेफरीला सांगितलं. रेफरी नियमाप्रमाणे अर्धा तास थांबला, मग मैदानाच्या मधोमध जाऊन त्याने शिट्टी वाजवली. बाजारपेठ क्लबने न खेळता तीन-शून्यने मॅच जिंकली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

श्रीपत औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून होता. कोण आला, कोण नाही, कोण किती उशिरा आला, हे लिहिण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकच काम होतं, ही फुटबॉल लीग. महाड-पोलादपुरातले आठ क्लब, नोव्हेंबर ते मार्च, दर रविवारी. नऊ वर्षांपूर्वी त्यानेच ती सुरू केली होती. नियमही त्यानेच लिहिले होते.

सातवा नियम लिहिताना त्याला विशेष बरं वाटलं होतं. तेव्हा शहरातले मोठे क्लब वाटेल तेव्हा मॅच रद्द करायचे. चांगला खेळाडू लग्नाला गेला, करा रद्द. आणि वाड्यांवरची पोरं पहाटे उठून जीपने खाली आलेली असायची, ती तशीच परत जायची. म्हणून श्रीपतने लिहिलं: आयत्या वेळी मॅच रद्द करणाऱ्या क्लबचा पराभव धरावा. एका हंगामात दोनदा असं झालं, तर क्लब बाद, आणि त्याच्या सगळ्या मॅचेस व गोल रद्द. सवलत फक्त खेळाडूच्या सख्ख्या नातलगाच्या निधनाला.

कुंभाळवाडीची ही दुसरी वेळ होती. डिसेंबरात आंबेनळी घाटात ट्रक आडवा झाला होता आणि त्यांची जीप वरच अडकली होती. तेव्हा श्रीपतने वहीत लिहून टाकलं होतं: पराभव, तीन-शून्य. नियम सगळ्यांना सारखा, असं तो गोमाजीला म्हणालाही होता. गोमाजीने मान्य केलं होतं.

बाजारपेठ क्लबचा रितेश त्याच्याजवळ आला. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि लीगच्या जाळ्या-बॉल त्याच्याकडूनच यायचे.

"काका, ही त्यांची दुसरी वेळ ना?"

"सख्खं नातं असेल तर मोजायची नाही."

"मग पुरावा आणा," रितेश म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं.

पुरावा आणायला श्रीपत दहाव्या दिवशी रजा टाकून गेला. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे भाड्याची जीप. जीप थांबली तिथून वाडी अर्धा तास चढावर होती. नदीवरचे विधी उरकून माणसं नुकतीच परतली होती आणि गोमाजीच्या अंगणात बसली होती. श्रीपतने पाहिलं आणि तो पायरीवरच थांबला. सगळ्यांची डोकी भादरलेली. गोलकीपर ओम, दोन्ही बॅक, मधल्या फळीतले चौघे, पुढचे सगळे. सवयीने त्याने मोजलं. अकरा होते.

"सगळ्यांनीच?" त्याने विचारलं.

"तिला पोरगा नव्हता," गोमाजी म्हणाला. "नवरा मुंबईला गिरणीत होता, तो तिकडंच गेला. हिनं वाडीतली समदी पोरं न्हाऊ-माखू घातली. ह्या ओमला तर हिनंच वाढवला. मग डोकं कोणी करायचं? आमीच तिचं पोरगं."

ओम खाली मान घालून काडीने जमीन उकरत होता.

गोमाजीने ग्रामपंचायतीचा कागद आणून दिला. श्रीपतने तो तिथेच वाचला. रंगूबाई चोरगे, वय चौऱ्याऐंशी. वारस: नाही.

"चालंल ना नाना?"

"बघतो," श्रीपत म्हणाला.

निघताना हृतिक त्याच्याबरोबर उतारापर्यंत आला. एकोणीस वर्षांचा होता, लीगमध्ये त्याचे सर्वांत जास्त गोल होते, अकरा. पहिल्या तिघांची नावं जिल्ह्याच्या निवड चाचणीला जायची.

"नाना, यादी कधी पाठवता?"

"महिनाअखेरीला."

"तवर क्यास येतील ना जरा?" डोक्यावरून हात फिरवत तो हसला. "फोटो लागतो म्हंतात."

रितेशच्या दुकानाच्या माडीवर बैठक झाली. कुंभाळवाडी सोडून सात क्लबांचे सात जण होते. श्रीपतने कागद मध्ये ठेवला आणि अकरा डोक्यांची गोष्ट सांगितली.

"म्हातारीचं मलाही वाईट वाटतं, काका," रितेश म्हणाला. "पण माझी तीन पोरं पनवेलहून रात्रपाळी करून सरळ मैदानावर आली होती. त्यांना मी काय सांगू? आणि कागदावर वारस नाही लिहिलंय. हिला सख्खी धरली तर उद्या कुणाला नाही म्हणणार?"

"मॅच पुढे ढकलू. एकच तर मॅच आहे."

"कधी? वीस मार्चला चवदार तळ्यावर माणसं येतात, मैदानावर गाड्या लागतात. त्याच्या आत लीग संपवायची. एक रविवार तरी मोकळा आहे का? वेळापत्रक तुमचंच आहे."

रविवार मोकळा नव्हता.

"मग डिसेंबरची पहिली वेळ काढून टाका," श्रीपत म्हणाला. "रस्ता बंद होता. ती मोजायलाच नको होती. चूक माझी होती."

"तेव्हा का नाही बोललात?" दुसऱ्या एका क्लबच्या दीपकने विचारलं. "तुम्ही सही केलीत, आम्हीही केली. आता ती फिरवली तर प्रत्येक जण जुनं काहीतरी उकरत येईल."

डिसेंबरात श्रीपतला ती फार लहान गोष्ट वाटली होती. नियम सारखा लावल्याचं त्याला समाधानच वाटलं होतं.

मतं घेतली. बाद करावं, पाच. करू नये, दोन. श्रीपतला, सेक्रेटरी म्हणून, मत नव्हतं. तेही त्यानेच लिहून ठेवलं होतं.

राजीनामा द्यावा असं त्याच्या मनात आलं. घरी येऊन त्याने मंजुळाला, बायकोला, तसं सांगितलंही.

"दिला तर त्यांना परत घेतील?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

त्याने कुंभाळवाडी बाद झाल्याचं पत्र लिहिलं, सही केली. मग लीगची वही उघडून कुंभाळवाडीच्या नऊ मॅचेसवर पट्टी ठेवून रेघा मारल्या. गोल करणाऱ्यांच्या यादीत हृतिकचं नाव पहिलं होतं. ते खोडल्यावर दुसरा पहिला झाला, चौथा तिसरा झाला. यादी पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवून त्याने पाकिटात घातली.

गोमाजीला त्याने फोनवर सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. "तुमी काय करनार."

हेच श्रीपतला फार लागलं. गोमाजी भांडला असता तर बरं झालं असतं.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी गोमाजी दारात उभा राहिला. डोक्यावर खुरटे केस उगवले होते, खांद्यावर गोणी होती. जर्सी लीगच्या मालकीच्या होत्या, त्या परत करायला तो आला होता. मागायला कोणी गेलं नव्हतं.

"राहू द्या तुमच्याकडे," श्रीपत म्हणाला.

"नको. दुसऱ्या कोनाला लागतील."

मंजुळाने चहा आणला. गोमाजी उंबऱ्याजवळच बसला.

"हृतिक काय म्हणतो?"

"गेला मुंबईला. मामानं हाटेलात लावला. त्याचं काय मन लागंना हितं." त्याने चहा संपवला आणि कप बाजूला ठेवला. "आता खांद्याला धाच राह्यलो, नाना."

तो गेल्यावर मंजुळाने गोणी सोडली. जर्सी धुतलेल्या होत्या, नंबराप्रमाणे लावून घडी घातलेल्या. त्यांना साबणाचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. नऊ नंबरची, हृतिकची, तिने उलगडली. काखेत उसवलं होतं ते कोणीतरी बारीक टाके घालून शिवलं होतं. शिवण ताजी होती. दोऱ्याचं टोक अजून तोडायचं राहिलं होतं.

मंजुळाने ते दातांनी तोडलं आणि जर्सीची पुन्हा घडी घातली.