पेटीला नाक नाही

गॅरेजच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध माझ्या पुतणीची जुनी गाडी, बॉनेट उघडलेलं, आणि धडधडत्या इंजिनावर निळे दिवे लुकलुकणारी काळी पेटी. पेटीमहाराजांनी (हे नाव लोकांनीच लाडाने ठेवलेलं) अंगठीचा हात पेटीवरून पुढे नेला. गाडीत कोणी नव्हतं. तरी इंजिन जोरात गुरगुरलं! हात मागे आला, ते पुन्हा संथ झालं.

"अहाहा!" गर्दी डोलली.

"बाजारातल्या पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनला पंप हवा, वायरिंग हवं," महाराज डोळे मिटून म्हणाले. "माझं इंजेक्शन गाडीच्या आत्म्याशी बोलतं. स्वतः शिकतं! पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा तो जुना कार्ब्युरेटर माझ्या चरणी टाका आणि निश्चिंत व्हा. फक्त झाकण उघडायचं नाही. उघडलंत की शक्ती उडाली!"

"माझ्या गाडीला विचारा!" शेजारचा शिंपी ओरडला. "मागच्या महिन्यात पेटी बसवली. लोण्यासारखी चालते!"

पुतणी पेशंटची दवाखान्यात ने-आण करते. थंडीत तिची गाडी चढावर बंद पडायची. परवा एक आजोबा मागच्या सीटवर धापा टाकत अडकून पडले, तेव्हा तिने इंजेक्शन बसवायचं ठरवलं. गाडीतला जुना कार्ब्युरेटर महाराजांच्या पोत्यात गेलाच होता. वर्षभराची शिल्लक पर्समध्ये होती आणि पर्सची चेन उघडत होती.

"थांब गं जरा," मी म्हणालो.

"काका, इथे तरी शाळा नको ना!"

"एकच प्रश्न. महाराज, पेटी शिकते म्हणता. कशी?"

"दिव्य ज्ञानाने."

"माझ्या वर्गातली पोरं डोळे-कान वापरून शिकायची. शिकणाऱ्या इंजेक्शनला धुराच्या नळीत सेन्सर लागतो. ते त्याचं नाक. धूर हुंगून ते ठरवतं, पेट्रोल जास्त झालं की कमी. तुमच्या पेटीचं नाक कुठाय?"

"मास्तर, श्रद्धेला नाक लागत नाही."

"कापून घ्यायला तरी लागेल!" मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"बरं, नाक राहू द्या. खरं इंजेक्शन विजेवर पेट्रोल फवारतं. त्याची वीज तोडली की इंजिन बंद. बघू या?"

"हात लावू नका! भस्म व्हाल!" महाराजांचा आवाज चिरकला.

मी पुतणीकडे पाहिलं. गाडी तिची, निर्णय तिचा. पेटीतून बॅटरीकडे एकच तार गेली होती. तिने ती ओढून काढली.

निळे दिवे विझले. इंजिन मात्र मजेत चालू.

"पेटी मेली," पुतणी हळूच म्हणाली. "मग गाडी कोण चालवतंय?"

हीच मुलगी लहानपणी मला प्रश्न विचारून भंडावून सोडायची.

तिने इंजिन बंद करून झाकण उचकटलं. आत दिव्यांची माळ आणि तिच्याखाली घासूनपुसून लख्ख केलेला जुना कार्ब्युरेटर! त्याच्या वेग वाढवणाऱ्या लिव्हरला बारीक नायलॉनचा दोरा होता. दोऱ्याचं दुसरं टोक महाराज घाईघाईने अंगठीतून सोडवत होते.

शिंपी वाकून बघू लागला आणि त्याचा चेहराच उतरला. "हे पितळी बटण... माझ्या कोटाचं! चोकच्या तारेची चकती हरवली तेव्हा मीच बसवलं होतं. अरे, हा तर माझाच कार्ब्युरेटर!"

"मग तुमच्या पेटीत कोणाचा असेल?" मी विचारलं. "एकाचा मळका काढायचा, धुवायचा, दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा. तुमची गाडी सुधारली ती धुतल्याने. आत्म्याने नव्हे."

महाराज काढता पाय घेत होते. पुतणीने त्यांच्या पोत्यातून आपला कार्ब्युरेटर उपसला. संध्याकाळी आम्ही दोघांनी तो धुऊन बसवला. सकाळी आजोबा वेळेवर दवाखान्यात पोचले.

खरं इंजेक्शन तिने नंतर सावकाश निवडलं. दुकानात शिरताच तिने विचारलं, "याचं नाक दाखवा. पंप दाखवा. आणि झाकण उघडा."

दुकानदाराने हसत स्क्रूड्रायव्हर तिच्याच हातात दिला.

मुलांनो, एवढंच लक्षात ठेवा. जो झाकण उघडू देत नाही, त्याच्यापुढे पर्स उघडू नका. डोकं मात्र उघडं ठेवा.