पॉलिश केलेलं झाड

सूनबाई नोकरीसाठी दूर गेली तेव्हा नवऱ्याला सोबत घेऊन गेली आणि कुंडीतलं झाड सासऱ्यांवर सोपवलं. प्रवासात दगावेल म्हणाली. झाडच. तिच्या आईनं लावलेलं होतं. आई गेल्यावर तिची आठवण म्हणून तेवढंच उरलेलं.

सासरेबुवांनी ते कपाटाआड जपून ठेवलं आणि जपून ठेवलेल्या सगळ्या वस्तूंप्रमाणे विसरून गेले.

"उद्या सकाळी पोचतोय, आता कायमचे इथेच," असा मुलाचा फोन आला आणि सासूबाईंना झाड आठवलं. कुंडी ओढून काढली. मातीचा दगड झालेला, बरीचशी पानं गळालेली, उरलेली धुळीनं मळकट.

सासरेबुवांचा उभा जन्म लाकडी सामानाला पॉलिश करण्यात गेलेला. बायको पाणी आणायला आत गेली तेवढ्यात त्यांनी पानांवर पॉलिशचा हात मारला. पानांत छताचा पंखा दिसू लागला.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"मेल्यासारखं दिसत होतं. आता दिसतंय का?"

"दिसत नाही हो, पण मेलंय का?"

या प्रश्नाला पॉलिशच्या धंद्यात उत्तर नसतं. झाडाचं नावही ठाऊक नव्हतं. सासरेबुवा एक पान घेऊन धापा टाकत रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाईंनी पान हुंगलं.

"याला टेबलाचा वास का येतोय?"

"घरात सगळ्यांनाच येतो."

"रबराचं झाड आहे काका. श्वास कोंडलाय त्याचा. खोडाला वरून खाली ओरखडे काढत या. पांढरा चीक दिसेल तिथून खाली जिवंत. वरचं सगळं छाटा, मग पाणी आणि उजेड."

घरी येऊन त्यांनी ओरखडा काढला. कोरडा. त्याखाली, तोही कोरडा.

"अजून खाली बघा."

"अगं, खाली आता कुंडीच आहे!"

अगदी मातीलगत टाचणीच्या टोकाएवढा पांढरा थेंब आला. दोघांनी श्वास सोडला, आणि सासरेबुवांना भलतंच सुचलं.

"छाटायचं कशाला? उद्या चकचकीत पानं बघून खूश होईल. पुढे मेलं, तर तिच्या हातून मेलं."

सासूबाईंनी कात्री आणून त्यांच्यापुढे ठेवली. सासरेबुवांनी कात्री उचलली.

सकाळी सूनबाईनं खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. "बाबा, झाड?"

त्यांनी मातीतला खुंट दाखवला आणि पॉलिशसकट सगळं सांगून टाकलं. सामान आणायचं निमित्त करून मुलगा जिना उतरून गेला. ती कुंडीपाशी बसली.

"जिवंत आहे?"

"काल होतं."

तिनं कुंडी उचलून खिडकीत ठेवली, माती बोटानं चाचपली. डोळे पुसले.

"यापुढे पाणी मी घालीन, बाबा. तुम्ही फक्त बघा."

"हात मागे बांधून," सासूबाई म्हणाल्या.

सासरेबुवा खरोखरच हात मागे बांधून खुंटापुढे उभे राहिले. चहाला बोलावलं तरी हलले नाहीत.