पाळीपाळीचं फडकं

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. आता मला सगळे फडकं म्हणतात, ते तुम्ही मनावर घेऊ नका, मी घेतो. एका कचेरीत साहेबांच्या खोलीच्या दाराला मी कित्येक वर्षं लटकलो. माझ्याआड उभं राहून कोण कोणाची चहाडी करतं, ते सगळं ऐकलं. तेव्हापासून माझा कोणावर म्हणून विश्वास बसत नाही.

मी विरलो, तेव्हा मला फाडून चौकोनी तुकडा केला. त्याच सुमारास झाडलोट करणाऱ्या मावशी काम सोडून गेल्या आणि साहेबांनी फर्मान काढलं, "आठवड्याला एकेकाची पाळी. टेबलं पुसायची आणि फडकं धुऊन खिडकीच्या गजावर वाळत घालायचं. धुतलेलं दिसलं की मी समजेन, काम झालं."

इथेच तर गोम होती. हिशेबनीस काका मला नळाखाली धरत, पिळत आणि थेट गजावर टाकत. टेबलाला माझा स्पर्शही नाही! टपाल पाहणाऱ्या ताईंनी ते पाहिलं आणि त्याही तेच करू लागल्या. दोघं एकमेकांकडे चोरून बघत, पण तोंडातून ब्र काढत नसत.

मग टेबलं पुसायची पाळी नव्या टायपिस्टवर आली. तिची नोकरी अजून पक्की व्हायची होती आणि घर तिच्याच पगारावर चालत होतं. हीसुद्धा त्यांच्यातलीच असणार, मी मनात म्हटलं. पण तिनं टेबलं पुसली, दिव्यांची बटणं पुसली, चहाच्या किटलीखालचा चिकट थर घासून काढला. मी काळाठिक्कर पडलो. तिनं मला साबण लावून चोळलं, तरी डाग हटेनात.

सकाळी साहेबांनी मला दोन बोटांत उचललं. "शी! साधं फडकं धुता येत नाही?"

"साहेब, पुसलं म्हणून मळलं."

"मग काकांच्या पाळीला कसं मळत नाही?"

काकांनी कागदांत डोकं खुपसलं. ताई म्हणाल्या, "आजकालच्या मुलींना कामाचं वळणच नाही हो!" मला बोलता आलं असतं, तर एकेकाचं पितळ उघडं पाडलं असतं.

दुपारी काका तिच्या कानाशी लागले. "बाळ, नोकरी टिकवायचीय ना? मग फडक्याला जप. टेबलांकडे कोण बघतंय?"

तिचा आठवडा पुन्हा आला, तोवर काका-ताईंच्या रोजच्या पाण्यानं आणि खिडकीतल्या उन्हानं मी उजळलो होतो. तिनं मला नळाखाली धरलं. बराच वेळ धरलं. मग पिळून सरळ गजावर घातलं आणि पर्स उचलून निघून गेली.

"वा! शिकलीस की," दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले. तिची नोकरी पक्की झाली. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, आता टेबलांवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ आहे, आणि जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघतो. तुम्हाला कुठे मळकं फडकं दिसलं, तर ते धुतलं का नाही म्हणून कोणाला रागावू नका. आधी टेबलावरून हात फिरवून बघा.