बिनफोडणीचं वरण

शेजारच्या घरातून बायकांच्या रडण्याचा आवाज आला तेव्हा प्रभावती अंगणात कपडे वाळत घालत होती. हातातली ओली चादर तिने तशीच बादलीत टाकली आणि आत येऊन म्हणाली, "अहो, ऐकलं का? गुलाबसिंगभाऊ गेले."

मी पुस्तक मिटलं. रडणं मोठमोठ्याने, हेल काढून चाललं होतं. एक बाई काहीतरी म्हणे आणि दुसरी ते उचलून पुढे नेई. शब्द बंजाऱ्यांच्या बोलीतले, आम्हाला न कळणारे. गुलाबसिंग राठोडांना परवा यवतमाळच्या दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांचे डोळेही उघडत नव्हते. आणि आता नुकतीच एक पांढरी गाडी त्यांच्या दारात थांबून गेली होती. शंकेला जागा नव्हती. मला तरीही थोडी आली, पण मला कशाचीही शंका येते, म्हणून बोललो नाही.

दिग्रसच्या या नव्या लेआउटमध्ये आम्ही गेल्या वर्षी राहायला आलो. आम्ही मूळचे नेरकडचे, बौद्ध. राठोड बंजारा, तांड्यावरून आलेले. वर्षभरात दोन घरांतलं बोलणं "नळ आले का" याच्यापुढे गेलं नव्हतं. आमच्या नातवाच्या वाढदिवसाचा केक जमनाबाईंनी "ठेवा, मंग खातो" म्हणून घेतला आणि संध्याकाळी तो त्यांच्या दारातल्या गाईपुढे दिसला. प्रभावतीला ते फार लागलं. पण राठोड शेजारी आहेत म्हणून दाराला दोन कुलपं लावायची तीही प्रभावतीच. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "लोकं उगाच म्हनत नाही त्यायच्याबद्दल." आपल्याबद्दलही लोक काही म्हणतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तिथेच राहिलं.

त्या दिवशी मात्र तिने सरळ गॅस पेटवला आणि परातीत ज्वारीचं पीठ घेतलं.

"मयताच्या घरी आज चूल पेटनार नाही. शेजारी कोन हाय त्यायले? आपुनच."

"पण ते खातील का आपलं?"

भाकरीवरचा तिचा हात थांबला. "माही माय अशीच भाकर घेऊन गेलती गावात एका घरी. त्यायनं ओट्यावर ठेवाले लावली. संध्याकाळपर्यंत तिथंच होती. मंग कुत्र्यानं खाल्ली. मी पाह्यली ना डोळ्यानं."

"मग कशाला नेतेस?"

"मानूस मेला म्हनून." तिने भाकर तव्यावर टाकली. "परत आली, त आपुन नागपूरले अश्वजितकडं चाललो. मले मंग इथं राहायचं नाही."

ती असं बोलून नंतर विसरणारी बाई नाही. मी माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं. लेकाच्या फ्लॅटमध्ये ते मावणार नाही. खरं सांगायचं तर मीही मावणार नाही.

तुरीचं वरण तिने नुसतं मीठ घालून उतरवलं. दुःखाच्या घरी न्यायच्या वरणाला फोडणी देत नाहीत, ही तिच्या आईकडची रीत. मग तिने पांढरं लुगडं नेसलं, भाकरी फडक्यात बांधल्या, वरणाचं पातेलं माझ्या हातात दिलं आणि आम्ही निघालो.

दार उघडंच होतं. जमनाबाई आणि आरशांची ओढणी घेतलेली एक म्हातारी, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. प्रभावतीने पातेलं माझ्याकडून घेऊन खाली ठेवलं आणि जमनाबाईंच्या पाठीवर हात ठेवला.

"बाई, सांभाळा सोताले. लय चांगला मानूस होता."

"कोन?" आतल्या खोलीतून आवाज आला.

गुलाबसिंग खाटेवर बसलेले होते. दाढी वाढलेली, गाल बसलेले, हातात चहाचा पेला.

रडणं थांबलं. जमनाबाईंनी डोळे पुसले, प्रभावतीच्या पांढऱ्या लुगड्याकडे पाहिलं आणि पातेल्यावरचं झाकण उचललं. फोडणी नसलेलं वरण पाहून त्यांना सगळं कळलं.

"माहा नवरा बसून हाय," त्या म्हणाल्या, "आन तुमी मयताची भाकर घेऊन आल्या?"

गैरसमज झाला, असं मी म्हणालो. म्हणजे म्हणायला गेलो. प्रभावतीचा चेहरा उतरला होता. ती पातेलं उचलायला वाकली.

तेवढ्यात गुलाबसिंग हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "जमना, ऐकलं का? लय चांगला मानूस म्हनते ही बाई मले. तू संसार केला माह्यासंग, पन कधी म्हनली नाही. दे इकडं ते भाकर."

"थांबा," जमनाबाई नवऱ्याला म्हणाल्या. त्यांचा हात झाकणावरच होता. त्या अपशकुनाला भ्यायल्या होत्या की आमच्या हाताला, मला कळेना. त्यांनाही कळत नसावं.

ओढणीवाल्या म्हातारीने त्यांच्या बोलीत काही विचारलं. गुलाबसिंगांनी सांगितलं. ती तोंडावर ओढणी घेऊन गदगदून हसू लागली. ती जमनाबाईंची थोरली बहीण, रुपीबाई. आदिलाबादेकडून बहिणीच्या नवऱ्याला पाहायला यवतमाळला आली होती आणि त्याला सुट्टी मिळाल्यावर त्याच पांढऱ्या गाडीने इथे आली होती. जमनाबाई घरीच थांबल्या होत्या, त्यामुळे बहिणींची भेट आत्ताच झाली होती.

"ये तो मिलने का रोना है बाई," ती प्रभावतीला म्हणाली. "बहीन बहुत दिन से भेटली. मायबाप आठवले. आमच्यात असंच असते. पहिले रोयाचं, फिर चाय." मग बहिणीकडे वळली. "हिनं रडनं ऐकून चूल पेटवली, आन तू झाकन धरून बसली?"

जमनाबाई पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. प्रभावती भिंतीला टेकून उभी होती. वरण बाहेर टाकायला मागचं दार उघडल्याचा आवाज येतो का, म्हणून मी कान लावला. तिनेही लावला असणार.

तेल तापल्याचा वास आला. मग लसणाचा. मग लाल मिरचीचा असा खकाणा उठला की आम्ही सगळेच खोकलो.

जमनाबाईंनी पातेलं आणून मधोमध ठेवलं. "आता हे जित्या मानसाचं झालं," त्या म्हणाल्या. एक भाकर मोडून अर्धी नवऱ्याला दिली आणि उरलेल्या अर्धीचा घास वरणात बुडवून स्वतः खाल्ला. प्रभावती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"मीठ बराबर हाय," जमनाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी रुपीबाईने बांधून आणलेली लापशी एका ताटलीत काढून प्रभावतीपुढे सरकवली. प्रभावतीचा हात काही पुढे होईना.

"काहून? आमच्या हातचं चालत नाही का तुमाले?"

प्रभावतीचे कान लाल झाले. आपल्यालाही त्यांचं खावं लागेल, हे तिने धरलंच नव्हतं. "चालते न," ती म्हणाली आणि घास घेतला. थांबली. पुन्हा घेतला. "तूप लय हाय."

"कमी तूप खाऊन तर तुमी अशा वाळल्या," रुपीबाई म्हणाली.

बायका हसत आत गेल्या. लसूण ठेचावा की चिरावा, यावर तिथे वाद सुरू झाला. गुलाबसिंगांनी मला खाटेवर शेजारी बसवलं. "भाऊ, दिवसभर काय वाचत राह्यता तुमी?" मी सांगू लागलो. थोड्या वेळात त्यांचा डोळा लागला.

आतून प्रभावतीचा आवाज आला, "रुपीबाई हायेत तवर रईवारी सगळे आमच्याकडं या. पुरनपोळ्या करतो मी."

"गुळाच्या का साखरेच्या?" जमनाबाईंनी विचारलं.

"गुळाच्याच. साखरेच्या कोन खाते?"

उठून घरी जावं की इथेच बसावं, हे मला ठरवता येईना. शेवटी बसून राहिलो. बरं वाटत होतं.