निळ्या कडेचं कोरं कार्ड

मी एक कार्ड आहे. फुटबॉलच्या खेळाडूंची कार्डं ज्या पाकिटात येतात, त्याच पाकिटातून मी आलो. पण माझ्यावर खेळाडू नाही. पुढून कोरा, मागूनही कोरा. तुम्ही म्हणाल, मग याच्याकडे सांगण्यासारखं काय असणार? जरा बसा. मला घाई नाही, आणि मी ज्यांच्या घरी राहतो त्यांनाही नाही.

माझा जन्म छापखान्यातला. आम्हा सगळ्यांचा पुठ्ठा एकच होता. काही ताव रंगाच्या रुळांखाली गेले आणि खेळाडू होऊन बाहेर पडले. कुणी गोल मारताना, कुणी हवेत झेप घेतलेला गोलकीपर. माझा ताव रुळांकडे गेलाच नाही. त्याला थरावर थर चिकटवून जाड केलं, धारदार पात्याने सरळ कापलं आणि थेट पाकिटात घातलं. मला वाटलं, आपली पाळी चुकली. पण मला काम नेमून दिलं होतं.

ते काम सांगतो. एखाद्याच पाकिटात एक खास कार्ड असतं. खेळाडूने अंगात घातलेल्या जर्सीचा लहानसा तुकडा त्यात बसवलेला असतो, म्हणून ते कार्ड जाड होतं. आता माणसाची हुशारी बघा. काही गिऱ्हाइकं दुकानात उभी राहून पाकिटं दाबून बघतात. जाड लागलं की ते आपल्याला, उरलेली दुसऱ्यांच्या गळ्यात. हे होऊ नये म्हणून बाकीच्या पाकिटांत माझ्यासारखं जाड कोरं कार्ड घालतात. मग सगळी पाकिटं बोटांना सारखीच लागतात. रोज येणारं मुरलेलं गिऱ्हाईक असो, नाहीतर पहिल्यांदाच पाकीट घ्यायला आलेली एखादी पोर असो, दोघांच्या चिमटीला मी एकच उत्तर देतो. म्हणजे आमच्या धंद्यातला चौकीदारच मी.

पण पाकीट फुटलं की चौकीदाराची नोकरी संपते. लोक आम्हाला 'डमी' म्हणतात आणि न बघता बाजूला सारतात. माझी काही भावंडं डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेली, काहींनी दातात अडकलेलं काढलं. उरलेली सरळ कचऱ्यात. माझंही तेच व्हायचं होतं.

मी ज्या बॉक्समधून आलो, तो, आता मी ज्यांच्या घरी राहतो त्या पेंटरांच्या मेव्हण्याने आणला होता. हा मेव्हणा दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा पुसतो, आणि सुटीच्या दिवशी कार्डांचे बॉक्स फोडून त्याचे व्हिडिओ करतो. आत काय निघालं, छपाई नीट आहे का, कोपरे दुमडलेत का, बॉक्सवर लिहिलंय ते आत आहे का, हे सगळं तो एका दमात सांगतो. त्याच्या खोलीत उजेड नाही. बहिणीच्या घरात खिडकीपाशी पेंटरांचं कामाचं टेबल होतं, तिथे उजेड छान पडायचा. म्हणून तो तिथे यायचा.

पेंटर म्हणजे दुकानांचे बोर्ड रंगवणारे. आमच्या भागातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. सायकलवाल्याचा बोर्ड लिहिता लिहिता एक दिवस त्यांच्या हातातला ब्रश पडला, आणि मागोमाग ते. उजवी बाजू लुळी पडली होती. पुढे पाय आला, बोलणं आलं, तेही हळू. हात मात्र मागेच राहिला. बोर्डवर 'सायकल दुरु' एवढंच लिहून झालं होतं. 'स्ती' राहिला.

तो बोर्ड तसाच लटकत होता. सायकलवाल्याने दुसरा पेंटर बोलावला नाही. लोक मात्र त्याला 'दुरुकाका' म्हणू लागले आणि तो मुकाट्याने ओ देऊ लागला. पेंटरीणबाई नवऱ्याला दवाखान्यात नेताना मागच्या गल्लीने नेत, तो बोर्ड नजरेला पडू नये म्हणून. पेंटरही कधी विचारत नसत की आपण लांबून का जातो. तो बोर्ड पुरा करायचा, एवढंच त्या माणसाला हवं होतं, आणि त्याविषयी घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

दवाखान्यातल्या फिजिओ मॅडमनी बोटांचे व्यायाम दिले होते. दोरीला कपड्यांचे चिमटे लावायचे, काढायचे.

"चिमटे लावले," पेंटर एकदा म्हणाले. "आता... कपडे कुठायत?" आणि त्यांनी दोरी बाजूला टाकली. त्यानंतर उजवा हात मांडीवर ठेवून ते बसून असत. कुणीतरी सांभाळायला दिलेलं गाठोडं ठेवावं, तसा.

मी ज्या दिवशी बाहेर आलो, त्या दिवशीही ते तसेच बसले होते. मेव्हणा व्हिडिओसाठी फोन उभा करून सुरू झाला, "तर मंडळी, नवा बॉक्स, नवीन माल, बघू या काय निघतंय, चला चला चला." पाकीट दाताने फाडायचं, कार्डं फरफर पुढे टाकायची, डमी उजवीकडच्या डब्यात.

"एवढी घाई... कशाला?" पेंटर म्हणाले. "पळून चाललेत का ते?"

"भाऊजी, लोकांना वेळ नसतो हो."

पेंटरीणबाई बेकरीतली नोकरी करून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती. त्या म्हणाल्या, "एक पाकीट यांना फोडू दे."

"ताई, संध्याकाळ होईल."

"होऊ दे. तुझी काय गाडी सुटतेय?"

मी त्याच पाकिटात होतो. पेंटरांनी पाकीट डाव्या हाताने छातीशी दाबलं आणि उजव्या बोटांनी ओढलं. बराच वेळ काही झालं नाही. मग एकदम फाटलं आणि आम्ही सगळे टेबलावर पसरलो. मेव्हणा मदतीला पुढे झाला, तर पेंटरीणबाईंनी त्याचा शर्ट मागून धरला.

पेंटर कार्डं उचलू लागले. ती पातळ आणि गुळगुळीत. बोट लागलं की सरकत. एक मोठा नावाजलेला खेळाडू तर सरकत सरकत टेबलाच्या कडेवरून खालीच गेला. पेंटरांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांचं बोट माझ्याकडे आलं.

मी जाड. माझ्या अंगावर चकाकी नाही, जरा खरखरीत आहे. त्यांचं नख माझ्या कडेखाली शिरलं, अंगठा वरून बसला, आणि मी टेबलावरून उचलला गेलो. थरथरत, पण उचलला गेलो. ब्रश पडल्यापासून त्या हाताने टेबलावरून चिमटीत उचललेली पहिली वस्तू मी होतो.

"भाऊजी, डमी आहे तो. टाका डब्यात," मेव्हणा म्हणाला.

"टाकू नका," पेंटरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा आला की मेव्हण्याने डबाच मागे ओढला.

पेंटरांनी मला फोनसमोर धरलं. पुढची बाजू दाखवली, मागची दाखवली. मग म्हणाले, "हे... चांगलं निघालं."

मेव्हण्याने तो व्हिडिओ जसाच्या तसा टाकला. त्याला वाटलं, लोक हसतील. लोक हसलेही. पण खाली विचारू लागले, काका पुन्हा कधी येणार? कुणीतरी 'सावकाश काका' असं नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. फिजिओ मॅडमनी तो व्हिडिओ पाहिला आणि म्हणाल्या, "चिमटे बंद. आता रोज हेच करायचं."

मग रोज सकाळी खिडकीपाशी आमची शाळा भरायची. पहिला मी. मग माझी भावंडं, म्हणजे डब्यातून परत काढलेले डमी. मग जर्सीवालं एखादं जाड कार्ड, आणि शेवटी ती गुळगुळीत पातळ मंडळी. सुटीच्या दिवशी मेव्हणा नवा बॉक्स आणायचा. पाकिटं पेंटर फोडायचे, आणि बोलायचेही तेच. खेळातलं त्यांना फारसं कळत नव्हतं. पण रंग आणि अक्षरं ही त्यांची जन्माची सोबत. "याच्या नावातली... अक्षरं दाटीवाटीने बसलीत. बसमधे बसल्यासारखी." किंवा, "हा निळा... चांगला घोटलाय. मन लावून." शेवटी बॉक्सचा निकाल. आवडला तर "घ्या", नाही आवडला तर "राहू द्या". तेवढ्यावर लोक खूश असत. एकाने खाली लिहिलं होतं, काकांनी कार्ड दाखवेपर्यंत खेळाडू निवृत्त झाला. ते वाचून पेंटर इतके हसले की पेंटरीणबाईंना पाणी आणावं लागलं.

जर्सीचा तुकडा असलेलं कार्ड निघालं त्या दिवशी मेव्हणा खुर्चीवरून उठून नाचला. पेंटरांनी ते नाकाजवळ नेलं.

"वास कसला घेता?" पेंटरीणबाईंनी विचारलं.

"घामाचा... येतो का बघतो."

"धुतली असेल की हो."

मला मात्र पेंटर खिशात घेऊन फिरायचे. बसमधे, दवाखान्याच्या बाकावर, दुधाच्या रांगेत त्यांचा अंगठा माझ्यावर फिरत असायचा. माझे कोपरे त्यानेच मऊ झाले.

एके दिवशी सायकलवाला घरी आला. बराच वेळ चप्पल काढू की नको करत दारातच उभा राहिला.

"या दुरुकाका," पेंटरीणबाई बोलून गेल्या, आणि त्यांनी जीभ चावली.

"असू द्या वहिनी, सवय झालीय." तो बसला. मग पेंटरांकडे न बघता म्हणाला, "समोर नवं दुकान झालंय. रात्री लखलखतं. जावई मागे लागलाय, प्रिंटचा बोर्ड करा म्हणून. सोमवारी माणूस येतोय लावायला. तुम्हाला विचारल्याशिवाय जुना उतरवायचा नाही, म्हणून आलो."

पेंटरांचा उजवा हात खिशाकडे गेला. मी खिशात होतो. त्यांनी मला चिमटीत घट्ट धरलं.

"रविवारी... येतो मी," ते म्हणाले. "बोर्ड खाली काढून ठेव."

सायकलवाला गेल्यावर पेंटरीणबाई म्हणाल्या, "अहो, आणि नाही जमलं तर? सगळ्यांच्या देखत?"

"मग सोमवार... आहेच की."

रविवारी बोर्ड दोन स्टुलांवर आडवा ठेवला होता. पेंटरांनी डबा उघडला, निळा घोटला, चपटा ब्रश हातात घेतला. 'स्ती'च्या पेन्सिलच्या रेघा अजून अंधूक दिसत होत्या. मेव्हणा फोन घेऊन उभा होता. सायकलवाला एका चाकातली हवा उगाच पुन्हा पुन्हा तपासत होता.

अर्धा स जरा थरथरला, पण जुन्या अक्षरांच्या शेजारी बसला. मग 'त'चा उभा दंड आला. पाटी लिहिणाऱ्याची खरी परीक्षा सरळ रेघेत असते. पेंटरांनी ब्रश वरून खाली ओढला, आणि रेघ सापासारखी गेली. त्यांनी ती फडक्याने पुसली. पुन्हा ओढली. पुन्हा पुसली. मेव्हण्याने फोन हळूच खाली घेतला.

"पेंटर, दमला असाल," सायकलवाला म्हणाला. "चहा घेऊ."

पेंटरांनी ब्रश डाव्या हातात दिला आणि उजवा हात खिशात घातला. दोन बोटांत मला धरून बाहेर काढलं, अलगद, एका दमात. पेंटरीणबाई ते बघत होत्या. आता मला वाटतं, पुढे काय होणार ते त्यांना माझ्याही आधी समजलं.

त्यांनी माझी कड पेन्सिलच्या रेघेला लावली आणि डाव्या हाताने मला बोर्डवर दाबून धरलं. उजव्या हाताने ब्रश माझ्या कडेला टेकवला. हात थरथरत होता, पण ब्रशला माझ्यापलीकडे जायला वाट नव्हती. मी घट्ट पडून राहिलो. छापखान्यातलं ते पातं मला इतकं सरळ का कापून गेलं, ते त्या क्षणी मला कळलं. थंडगार रंग माझ्या कडेवरून वरपासून खालपर्यंत उतरला. मग त्यांनी मला वर उचललं.

रेघ सरळ होती.

दुसरा दंडही तसाच झाला, मग डोक्यावरची आडवी रेघ. वेलांटी त्यांनी माझ्याशिवाय ओढली. ती थोडी फुगीर आली. अजूनही बारकाईने बघितलं तर दिसते.

सायकलवाल्याने बोर्ड मोठ्याने वाचला. "सायकल... दुरुस्ती." मग खिशातून फोन काढून प्रिंटवाल्याला म्हणाला, "सोमवारी येऊ नका. आहे बोर्ड माझ्याकडे." फोन ठेवून तो पेंटरांकडे वळला. "घोटाळा केलात. आता लोक मला काय म्हणून हाक मारणार?"

"दुरुकाकाच," पेंटर म्हणाले. "ते नाही... पुसता येणार."

पेंटरीणबाईंनी मला पुसायला रॉकेलचं फडकं घेतलं होतं. पेंटरांनी त्यांचा हात धरला. उजव्या हाताने धरला. "असू दे तो रंग," ते म्हणाले. येताना आम्ही पुढच्या रस्त्याने आलो.

आता मी अल्बममधे राहतो, पहिल्या पानाच्या पहिल्या खिशात. माझ्यामागे मोठमोठे खेळाडू आहेत. मेव्हण्याने सुरुवातीला कुरकुर केली. एकदा मला उजेडात धरून, दुकानात काचा बघतो तसं बघून म्हणाला, "भाऊजी, कोपरे गेलेत, कड खराब झालीय. कार्ड म्हणून याला कुणी विचारणार नाही." पेंटरांनी मला त्याच्या हातातून परत घेतलं आणि जागेवर ठेवलं. तेव्हापासून मेव्हणाच येणाऱ्या-जाणाऱ्याला अल्बम दाखवताना माझ्यापासून सुरू करतो.

व्हिडिओत निघालेले डमी आता कुणी टाकत नाही. ते फिजिओ मॅडमच्या टेबलावरच्या डब्यात जातात. तिथे माझी भावंडं अनोळखी बोटांची वाट बघत असतात. कुणी विणकाम करणारी आजी येते, कुणी बसचा ड्रायव्हर. पहिल्यांदा हातात येतं ते आमच्यापैकीच कुणीतरी.

पेंटरांना आता पातळ कार्डंही सहज उचलता येतात. माझी गरज उरलेली नाही. तरी सकाळी खिडकीपाशी बसले की ते आधी मला अल्बमच्या खिशातून काढून टेबलावर ठेवतात आणि उचलतात.

तुम्हीही कधी पाकीट फोडाल आणि आत माझा एखादा भाऊ निघेल. तुम्ही हिरमुसाल, त्याचं काही नाही. फक्त टाकण्याआधी त्याला एकदा टेबलावर सपाट ठेवा आणि चिमटीने उचलून बघा. तो तुमच्या हाती येईल.