जिन्याकडची भिंत

महापालिकेच्या मिळकत विभागाचं पत्र आलं तेव्हा चिटणीसबाई वरच्या मजल्यावर भुंगेऱ्यांच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या बदलत होत्या. पत्र दीड पानाचं होतं, पण कामाचं वाक्य एकच. इमारतीच्या भिंतींना तडे गेल्याचे आढळले असून चार महिन्यांनी भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावर तो वाढवून देण्याचा विचार नाही, तरी संस्थेने जागा रिकामी करावी.

कीटक अभ्यास मंडळ त्या दुमजली इमारतीत साठ वर्षं होतं. तीस-तीस वर्षांचे दोन भाडेपट्टे झाले होते. इमारत शहराची आणि देखभाल मंडळाची, असा करार. खाली वाचनालय आणि सभेची खोली. वर चाळीस कपाटं आणि त्यांत टाचण्यांवर बसवलेले एक लाख दहा हजार कीटक, प्रत्येकाखाली तिळाएवढ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी. सभासद एकशे बारा होते. त्यातले सभेला येणारे वीस-बावीस, आणि वाद घालायची वेळ आली की तीस.

त्या रविवारी तीसच्या तीस आले.

"कॉलेजवाले दोन खोल्या द्यायला तयार आहेत," दातांचे डॉक्टर म्हणाले. ते फावल्या वेळात मुंग्यांचा अभ्यास करत. "अब्रूने निघालेलं बरं."

"दोन खोल्यांत चाळीस कपाटं कशी मावतील?" चिटणीसबाईंनी विचारलं.

"निम्मी देऊन टाकू."

"कुणाला?"

अध्यक्षांकडे सगळ्यांनी पाहिलं. त्यांना सगळे 'सर' म्हणत. वय चौऱ्याऐंशी, पण फुलपाखराच्या पंखावरचा ठिपका अजून चष्म्याशिवाय सांगत. एरवी सभेत शेवटचा शब्द त्यांचा असायचा. त्या दिवशी ते काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून गप्प बसले होते.

"चार महिने हातात आहेत," चिटणीसबाई म्हणाल्या. "आधी भिंत काय म्हणते ते बघू. पाठ दाखवायची घाई नको."

चिटणीसबाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. घरी मुलगा आणि सून. सून इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कार्यालयात कामाला होती. सासू-सुनेचं बरं चाललं होतं, कारण दोघीही एकमेकींच्या टेबलावरच्या वस्तूंना हात लावत नसत. संध्याकाळी चिटणीसबाईंनी ते पत्र आपणहून सुनेच्या टेबलावर ठेवलं.

तिने ते दोनदा वाचलं. "आई, तडे जुने आहेत की अजून चालू आहेत?"

"तडा तो तडा. चालू म्हणजे काय?"

"काही भेगा नुसत्या गिलाव्याच्या असतात. एकदा पडतात आणि तशाच राहतात. भिंत खरंच हलत असेल तर भेग वाढत जाते. भेगेवर आडवी काचेची पट्टी बसवायची, दोन्ही टोकं घट्ट चिकटवायची. भिंत हलली की काच तडकते. पातळ काच हवी मात्र. मी उद्या बाजारात—"

"पातळ काच आहे माझ्याकडे," चिटणीसबाई म्हणाल्या. "नऊ हजार."

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या त्या पट्ट्या. सुनेने एक बोटात धरून उजेडाकडे पाहिली आणि पहिल्यांदाच सासूच्या छंदाबद्दल तिच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाला.

इमारतीत मोठ्या भेगा आठ निघाल्या. ओळखीचे मिस्त्री आले, त्यांनी प्रत्येक भेगेभोवतीचा रंग खरवडला आणि आठ ठिकाणी आठ काचा बसवल्या. सुनेने प्रत्येकीवर क्रमांक आणि तारीख लिहिली. सभासदांनी पाळ्या लावून घेतल्या. रोज सकाळ-संध्याकाळ कुणीतरी यायचं, आठही काचा बघायचं आणि वहीत सही करायचं. कीटक बघायची सवय असलेली माणसं ती. नुसतं 'ठीक' असं लिहून त्यांचं भागत नसे. एकाने 'काच चार : डाव्या टोकाला कोळ्याने जाळे विणण्यास सुरुवात केली आहे' असं लिहून ठेवलं होतं.

पाच आठवडे सगळ्या काचा शाबूत राहिल्या. मग सलग तीन दिवस पाऊस लागला आणि चौथ्या दिवशी सकाळी आठवी काच मधोमध तडकलेली दिसली. ती होती जिन्याकडच्या भिंतीवर.

दातांच्या डॉक्टरांची पाळी होती. त्यांनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज पडला होता. "संपलं म्हणायचं का, बाई?"

"संपलं कसलं? सात काचा धड आहेत. दुखणं कुठे आहे ते कळलं," असं म्हणत चिटणीसबाई चपला घालायला लागल्यासुद्धा.

मिस्त्रींनी जिन्याकडच्या भिंतीवर हातोडीच्या दांड्याने वरपासून खालपर्यंत ठोकून पाहिलं. मग कान लावून परत ठोकलं.

"ही भिंत ओली बोलतेय," ते म्हणाले. "आणि इथे आत पोकळ आहे. हे कपाट हलवावं लागेल."

फुलपाखरांचं कपाट हलवायला सहा जण आणि अख्खी दुपार लागली. मागचा गिलावा काढल्यावर भिंतीच्या खाचेत लोखंडी पाइप दिसला. दोन छपरांच्या मधल्या पन्हळीतलं पाणी खाली आणणारा. त्याचं वरचं तोंड विटांचे तुकडे आणि सिमेंट ठासून बंद केलेलं होतं. पन्हळीत साठलेलं पाणी कितीतरी वर्षं भिंतीत मुरत होतं आणि पायाजवळची माती भुसभुशीत करत होतं.

"हे आपोआप झालेलं नाही," मिस्त्री म्हणाले. "कुणीतरी मुद्दाम बुजवलंय. आणि काम कच्च्या हाताचं आहे."

"माझ्या हाताचं आहे," मागून आवाज आला.

सर जिना चढून वर आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कपाट हलवतायत एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं. ते वरच्या पायरीवर बसले आणि काठी बाजूला ठेवली.

"एकतीस वर्षं झाली. मी चिटणीस होतो. पाइप गळायचा, फुलपाखरांवर बुरशी चढायला लागली होती. मिळकत विभागाला दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. मग एका रविवारी मी आणि माझा एक मित्र छपरावर चढलो आणि बंद करून टाकला. पलीकडे दुसरा पाइप आहे, तेवढा पुरेल असं वाटलं." त्यांनी उघड्या पडलेल्या पाइपाकडे पाहिलं. "तडे दिसायला लागले तेव्हा मनात आलं होतं. बोललो नाही."

करारातलं बारावं कलम चिटणीसबाईंना आता पाठ झालं होतं. लेखी परवानगीशिवाय इमारतीत कोणताही फेरफार केल्यास भाडेपट्टा रद्द होऊ शकेल.

मिस्त्रींनी हात झटकले. "एवढा विचार कशाला? मी उद्या तोंड मोकळं करतो, वरून गिलावा मारतो. कुणाला पत्ता लागणार नाही."

"बरोबर आहे," दातांचे डॉक्टर हळूच म्हणाले. "आपणच त्यांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं?"

चिटणीसबाईंना मोह झाला नाही असं नाही. एका गिलाव्याच्या थराने सगळं झाकलं असतं आणि पायरीवर बसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाची लाजही राहिली असती. पण पायाजवळची माती परवानगीशिवाय उकरता येणार नव्हती, आणि ती तशीच सोडली तर भिंत पुन्हा बोलणार होती.

"आपण इथे इतकी वर्षं काय करतोय?" त्या शेवटी म्हणाल्या. "कीटक कुठे सापडला, कधी, कुणाला, ते खरं लिहितो. चिठ्ठी खोटी निघाली तर कितीही सुंदर कीटक असला तरी फेकून द्यावा लागतो. भिंतीचीही चिठ्ठी खरीच लिहायची. सर, तुमचं नाव घालणार नाही. 'मंडळाने केले' असं लिहीन."

सरांनी काठी उचलली, फक्त मान हलवली.

चिटणीसबाईंनी मिळकत विभागाकडे सुनावणी मागितली, ती पुढच्या सोमवारी अकरा वाजता मिळाली. मिळकत अधिकारी चाळिशीचे, शांत बोलणारे गृहस्थ होते आणि त्यांच्या टेबलावर अशा फायलींची चळत होती. सुनेने काढलेले नकाशे, सात धड काचांचे फोटो, तडकलेल्या आठवीचा फोटो आणि सह्यांची वही चिटणीसबाईंनी समोर मांडली. अधिकाऱ्यांनी वही चाळली. कोळ्याच्या नोंदीपाशी ते जरा थबकले.

"म्हणजे इमारत पडायला आलेली नाही, असं तुमचं म्हणणं?"

"एकच भिंत हलतेय, आणि ती का हलतेय तेही सापडलंय. पाण्याचा पाइप बंद होता."

"कुणी बंद केला?"

"मंडळाने," चिटणीसबाई म्हणाल्या.

"परवानगी घेतली होती?"

"नाही."

त्याच वेळी मागच्या खुर्चीतून सर उठले. "साहेब, मंडळाने नाही. मी केला. तेव्हा मंडळालासुद्धा विचारलं नव्हतं." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. उत्तर न आलेल्या दोन पत्रांचा उल्लेख मात्र त्यांनी केला नाही.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "यावर मला भाडेपट्टा आजच रद्द करता येतो, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," चिटणीसबाई म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला शोधायला न लावता आम्हीच घेऊन आलो. आम्हाला माफी नकोय. पाया उघडायची परवानगी आणि आठ आठवडे हवेत. काम झाल्यावर तुम्ही स्वतः या, नव्या काचा बसवलेल्या असतील. एक जरी तडकली तर किल्ल्या मी तुमच्या टेबलावर आणून ठेवीन."

बोलताना त्यांचा आवाज चढला नव्हता. पण त्या उभ्याच राहिल्या, आणि अधिकाऱ्यांनी दोनदा खुर्ची दाखवूनही बसल्या नाहीत. शेवटी अधिकाऱ्यांनी आठ आठवडे लिहून दिले.

पुढचे दिवस सगळ्यांच्या नाकी नऊ आणणारे होते. चौदा कपाटं खालच्या मजल्यावर आली, वाचनालयात चालायला जागा उरली नाही. मिस्त्री आणि त्यांच्या दोन माणसांनी पाया हात-हातभर उघडून पक्का बांधून घेतला, पाइप नवा बसवला, पन्हळ घासून साफ केली. सून रोज कामावरून परस्पर तिकडेच यायची आणि मिस्त्रींशी इंचा-इंचावरून वाद घालायची. डॉक्टर दवाखाना बंद करून आले की फुलपाखरांचे खण एकेक करून स्वतः वाहून नेत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

सातव्या आठवड्यात अधिकारी आले. आठही काचा बघितल्या, भिंतीवर तळवा ठेवून ओल चाचपली, छपरावर चढून पन्हळीत दोन बादल्या पाणी ओतायला लावलं आणि खाली येऊन ते कुठून बाहेर पडतं ते पाहिलं. मग निघून गेले.

भाडेपट्टा मिळाला, पण तीस वर्षांचा नाही. पंधराचा, आणि दरवर्षी इमारतीचा लेखी अहवाल द्यायच्या अटीवर. काही सभासद कुरकुरले. चिटणीसबाईंनी प्रत्येक पान वाचून सही केली.

सरांनी अध्यक्षपद सोडलं. सभेने खूप आग्रह केला, त्यांनी ऐकलं नाही. दर मंगळवारी मात्र ते येत राहिले, पुसट झालेल्या चिठ्ठ्या नव्याने लिहायला.

वार्षिक अहवालाचं काम सुनेने करावं असं ठरलं. "पण मी सभासद नाही," ती म्हणाली.

"अर्ज खाली टेबलावर आहेत," सासूने सांगितलं.

तिने तिथेच उभ्या उभ्या अर्ज भरला. 'अभ्यासाचा विषय' या रकान्यापाशी तिचं पेन अडलं. तिला भुंगेरा आणि ढेकूण यांतला फरकसुद्धा धड सांगता आला नसता. मग तिने लिहिलं, 'भिंती.' चिटणीसबाईंनी तो अर्ज वाचला आणि तसाच पुढच्या सभेत मंजुरीला ठेवला.