कारण: किरकोळ बाचाबाची

द्वेषापोटी केलेल्या गुन्ह्यांसाठी राज्याने वेगळा कायदा करावा का, याचा अभ्यास करायला पाच जणांची समिती बसली होती. तिची कागदपत्रं सांभाळणारी बाई रोज दहाच्या ठोक्याला मोठेसाहेबांपुढे पाण्याचा ग्लास ठेवायची. मोठेसाहेब म्हणजे समितीतले निवृत्त पोलीस अधिकारी. ते तिला ओळखत नव्हते. ती मात्र त्यांना सहा वर्षं पुरती ओळखून होती.

सहा वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाला तिघांनी बसथांब्यावर बदडलं. भाऊ जन्मापासून बहिरा, हातांनी बोलणारा, सुतारकामात एकदम तरबेज. मित्राशी खुणांनी गप्पा मारत उभा होता, एवढंच निमित्त. "आता बोल," म्हणत त्यांनी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं एकेक करून मोडली. शेजारच्या फळवालीने हे ठाण्यात जाऊन सांगितलं. ठाण्याचे प्रमुख तेव्हा मोठेसाहेबच होते. खुणांची भाषा जाणणारं त्यांनी कुणी बोलावलं नाही, फळवालीला गोड बोलून वाटेला लावलं आणि कागदावर लिहिलं, 'कारण: किरकोळ बाचाबाची.' तिघे किरकोळ दंडावर सुटले.

समितीत साहेबांचं पालुपद ठरलेलं. "मार तो मार. हेतू आम्ही नोंदवतोच. नवा कायदा कशाला?"

अध्यक्षबाई जुन्या न्यायाधीश. एकदा त्या कंटाळून म्हणाल्या, "नोंदवता ना? मग बघूच. बाई, मारहाणीच्या चाळीस जुन्या फायली काढा. कुठल्याही, न निवडता."

बाईने एकोणचाळीस न निवडता काढल्या. चाळिसावी शोधून काढली आणि साहेबांच्या वाट्याच्या गठ्ठ्यात सरकवली. हे गैर आहे, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या फायली मोठ्याने वाचत होता. साहेबांनी चष्मा पुसून ती उचलली. "फिर्यादी मूकबधिर. तीन बोटं मोडलेली. कारण, किरकोळ बाचाबाची."

"बहिऱ्याशी बाचाबाची?" कुणीतरी हसलं.

साहेबही हसले. "असतात एकेक गाढवं खात्यात. एका गाढवासाठी कायदा करायचा का?"

"शेवटचं पान राहिलं, साहेब," बाई म्हणाली.

त्यांनी पान उलटलं. स्वतःची सही ओळखायला माणसाला वेळ लागत नाही. त्यांचं तोंड काळंठिक्कर पडलं. अध्यक्षबाईंनी फाईल मागून घेतली, सही पाहिली.

"तुझं आडनाव काय गं?" साहेबांनी विचारलं.

तिने सांगितलं. फिर्यादीचंच होतं.

"म्हणजे सूड उगवलास."

"हो. पण लिहिलंत तुम्ही. मी नुसतं वाचायला दिलं."

संध्याकाळी अध्यक्षबाईंनी तिला आत बोलावलं. "तुझं दुःख खरं आहे, पण तू मापात काटा मारलास. ही फाईल बाद, आणि उद्यापासून तू आवक-जावक विभागात." मग त्यांनी तिच्यासमोरच शिपायाकडून, न निवडता, दुसरी फाईल काढून घेतली. तिच्यातही बाचाबाचीच निघाली. चाळीसपैकी सतरांत तेच तीन शब्द होते. समितीने चार विरुद्ध एक मताने कायद्याची शिफारस केली. तो एक कोण, हे सांगायला नको.

घरी भाऊ खुर्चीचा पाय तासत होता. तिने त्याला हातांनी सगळं सांगितलं, बदलीसकट. तो खूश होईल असं तिला वाटलं होतं.

"आणि ते तिघे?" त्याने वाकड्या बोटांनी विचारलं.

"नवा कायदा झाला तरी जुन्या गुन्ह्याला लागत नाही."

त्याने रंधा खाली ठेवला. "मग मला त्या साहेबाचं तोंड नीट सांग. काही गाळू नकोस."

तिने सांगितलं. त्याने पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा तो हसला, अजिबात गोड नसलेलं हसू, आणि तिलाही तसंच हसू आलं. कायद्याचा मसुदा अजून कुठल्याशा टेबलावर पडून आहे. तिला मात्र केल्याचा पश्चात्ताप आजतागायत झालेला नाही.